करमणुकीचे तळे आणि त्याचा बांध

गावाच्या वरच्या अंगाला ओढा अडवून कोणी एखादे लहानसे तळे बांधतो. पहिली काही वर्षे त्यातून पाणी पाटाला जाते, विहिरींना पाझर लागतो, गुरे पाणी पितात. पुढे विजेचे पंप येतात, कालव्याचे पाणी येते, आणि तळ्याचे मूळ काम संपते. मग मालक तेथे मासे सोडतो, काठाला शोभेची झाडे लावतो, एखादी होडी ठेवतो. अलीकडे कृषी पर्यटनाच्या निमित्ताने अशी तळी मुद्दाम बांधलीही जातात. यात वाईट काही नाही. शेताला उत्पन्नाची एक बाजू मिळते व पाहुण्यांना विसावा मिळतो. परंतु ज्या दिवशी तळे कामाचे न राहता शोभेचे होते, त्याच दिवशी बांधावरची नजर सुटते. या पाठात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

पाटाला पाणी देणारा बांध शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यात असतो. पाणी कमी आले की तो कारण शोधीत बांधावर जातो. उन्हाळ्यात तळे आटते, तेव्हा आतला उतार उघडा पडतो. घुशीची बिळे, निखळलेले दगड, पडलेल्या भेगा आपोआप दिसतात. करमणुकीच्या तळ्याचे तसे नाही. ते बारा महिने काठोकाठ भरलेले असावे अशीच मालकाची व पाहुण्यांची इच्छा असते. त्यामुळे आतला उतार वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि पावसाळ्याचा पहिला मोठा लोंढा सामावून घ्यावयास तळ्यात जागाही उरत नाही.

बांधाची अंगे

लहान असो वा मोठा, मातीच्या बांधाची मुख्य अंगे तीच असतात. सर्वांत वरचा सपाट भाग म्हणजे माथा. पाण्याकडील उतार लाटांनी झिजू नये म्हणून त्यावर दगडांचे अस्तर करतात. खालच्या बाजूच्या कोरड्या उतारावर गवत राखतात. हा उतार जेथे जमिनीला मिळतो, ती बांधाची टाच. बांधाच्या पोटात चिकण मातीचा घट्ट गाभा असतो व त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण असते. गाभ्याखाली पक्की जमीन लागेपर्यंत चर खणून तो चिकण मातीने भरलेला असावा लागतो. नाही तर पाणी बांधाखालून वाट काढते.

याखेरीज दोन अंगे अशी आहेत की ज्यांच्यावर बांधाचा जीव अवलंबून असतो. एक सांडवा व दुसरे तळाशी पाणी काढून घेण्याची नळी. सांडवा म्हणजे जादा पाण्याची ठरलेली वाट. तो भरावाच्या मातीतून नव्हे, तर बाजूच्या मूळ पक्क्या जमिनीतून काढावा. तळाची नळी असली म्हणजे गरजेच्या वेळी तळे रिकामे करता येते. जे तळे रिकामे करता येत नाही, त्याची दुरुस्ती करता येत नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर पुष्कळ शेततळी झाली. जमिनीत खणलेल्या तळ्यातील पाणी जमिनीच्या पातळीखाली असते, म्हणून ते बांध फोडून वाहून जाऊ शकत नाही. परंतु भोवताली भराव घालून जेवढे पाणी जमिनीच्या वर उभे केले असेल, तेवढे पाणी सुटू शकते. ६० मीटर लांब व ५० मीटर रुंद तळ्यात जमिनीच्या वर २ मीटर पाणी उभे असेल, तर ते ६,००० घनमीटर, म्हणजे वजनाने ६,००० टन होते. हे वजन अहोरात्र मातीच्या भिंतीला रेटीत असते, याचे स्मरण मालकाने ठेवावे.

एका लहान बांधाची हकीकत

लहान खाजगी बांध कसा बिघडत जातो, हे समजण्यासाठी एका बांधाची हकीकत सांगणे उपयुक्त होईल. हा बांध अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाच्या ओढ्यावर होता. त्याच्या फुटीची तज्ज्ञांनी सविस्तर चौकशी केली, म्हणून त्यापासून निश्चित बोध घेता येतो.

त्याचे नाव केली बार्न्स धरण. १८९९ च्या सुमारास तेथे लाकडी चौकटीत दगड भरून एक ठेंगणा बंधारा घालण्यात आला व त्यावर थोडी वीज निर्माण होऊ लागली. पुढे खालच्या बाजूस असलेल्या एका धार्मिक शिक्षणसंस्थेने ती जागा घेतली आणि विजेची गरज वाढली तशी जुन्या बंधाऱ्यावर माती घालून बांध उंच केला. वाढत वाढत तो सुमारे ४० फूट उंच व ४०० फूट लांब झाला. बांधकामाचे नकाशे मात्र मागे राहिले नाहीत. १९५७ साली वीजनिर्मिती थांबली. तेव्हापासून सुमारे ४० एकरांचे ते तळे केवळ करमणुकीसाठी उरले.

पुढील वीस वर्षांत बांधावर झाडे वाढली. खालचा उतार मुळातच फार उभा होता. १९७३ मध्ये त्या उतारावरील मातीचा एक मोठा ढपला घसरला. तो छायाचित्रातही दिसतो. त्यावेळी बांध टिकला, आणि टिकला म्हणून भय वाटले नाही. १९७७ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या भागात सुमारे ७ इंच पाऊस पडला. त्यातील निम्मा केवळ ५ तारखेच्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पडला. ६ नोव्हेंबरच्या पहाटे दीडच्या सुमारास बांध फुटला. सुमारे पावणेआठ लाख घनमीटर पाणी एकदम सुटले आणि धबधब्यावरून खाली उतरून संस्थेच्या वसाहतीत शिरले. लोक झोपेत होते. ३९ माणसे मृत्यू पावली; त्यांत पुष्कळ लहान मुले होती.

चौकशी करणाऱ्या मंडळाला फुटीचे एकच एक कारण दाखविता आले नाही. उभ्या उताराचा भाग प्रथम घसरला असावा, पाझराने पोखरण झाली असावी, त्यामुळे माथा एके ठिकाणी खचून पाण्याने वाट काढली असावी आणि मग भिजलेला सारा बांध कोसळला असावा, असे त्यांचे मत पडले. कार्यकर्त्यांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एका मोठ्या चुकीने बांध फुटतो असे क्वचितच घडते. उभा उतार, वाढलेली झाडे, न पाहिलेला पाझर, दुर्लक्षिलेली घसरण, असे लहान लहान दोष एकमेकांना हात देतात आणि एका पावसाच्या रात्री एकत्र येतात.

या घटनेनंतर त्या देशाच्या अध्यक्षांनी खाजगी व केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या इतर धोकादायक बांधांच्या तपासणीचा आदेश दिला. १९७८ ते १९८१ या काळात सुमारे ८,८०० बांध तपासले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरले. त्यांतील बहुतेकांचा मुख्य दोष एकच होता. तो म्हणजे अपुरा सांडवा.

शोभेसाठी केलेले फेरफार

त्याच देशातील आणखी एक जुने उदाहरण आहे. हा बांध लहान नव्हता. परंतु करमणुकीसाठी केलेले फेरफार कसे घातक होतात हे त्यावरून स्वच्छ दिसते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क येथील ७२ फूट उंचीचा मातीचा बांध मुळात नौकानयनाच्या कालव्याला पाणी पुरविण्यासाठी सरकारने बांधला होता. आगगाडी आली, कालवा निकामी झाला आणि बांध खाजगी मालकांकडे गेला. एका मालकाने तळाच्या लोखंडी नळ्या काढून भंगारात विकल्या. १८७९ मध्ये धनिक मंडळींच्या एका मासेमारी व शिकार क्लबने तो विकत घेतला. फुटलेला भाग त्यांनी भरून काढला, पण नळ्या पुन्हा बसविल्या नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली उतरवून रुंद केला. आणि तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसविल्या.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली. पाला, फांद्या, ओंडके त्या जाळ्यांत अडकले व सांडवा तुंबला. नळ्या नव्हत्या, म्हणून पाणी उतरविता आले नाही. माथा ठेंगणा होता, म्हणून पाणी लवकर वरून वाहू लागले. दुपारी तीननंतर बांध फुटला आणि १४ मैल खाली असलेले जॉन्सटाऊन शहर उद्ध्वस्त झाले. २,२०९ माणसे गेली. काही मासे वाहून जाऊ नयेत एवढ्यासाठी बसविलेली जाळी या अनर्थाला साहाय्यभूत झाली.

आपल्याकडेही तळ्यांचे मालक हीच चूक वेगळ्या रूपाने करतात. सांडव्यावर माशांसाठी जाळे बांधतात. उन्हाळ्यापर्यंत पाणी जास्त टिकावे म्हणून सांडव्याच्या तोंडाशी फळ्या लावतात किंवा वाळूची पोती रचतात. सांडव्यातून बैठकीकडे जाणारा रस्ता काढतात. माथ्यावरून ट्रॅक्टर नेऊन चाकोऱ्या पाडतात. त्या चाकोऱ्यांत पावसाचे पाणी साचून ते बांधाच्या पोटात मुरते. यांपैकी एकही गोष्ट करता कामा नये. मासे राखावयाचेच असतील, तर त्यासाठी सांडव्याचे तोंड मोकळे ठेवून दुसरी योजना करावी.

सांडव्याचा हिशोब कोणालाही करता येईल. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,००० घनमीटर पाणी होते. तळ्याच्या वर ४० हेक्टर पाणलोट असेल आणि त्यातील निम्मे पाणी जरी वाहून आले, तरी ते २०,००० घनमीटर होईल. आपण वर पाहिलेले तळे ६,००० घनमीटरांचे होते, आणि करमणुकीचे तळे तर आधीच भरलेले असते. म्हणजे हे सारे पाणी सांडव्यातूनच गेले पाहिजे. ते न गेले तर माथ्यावरून जाईल. मातीच्या बांधाला माथ्यावरून वाहणारे पाणी काही तासांतच कापून काढते. सांडवा वाहत असतानाही पाणी व माथा यांच्यामध्ये पुरेशी मोकळी उंची शिल्लक राहिली पाहिजे. सांडव्याची रुंदी किती असावी, हे जलसंधारण खात्याच्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

पाहणी कशी करावी

पाहणी वर्षातून दोन वेळा तरी करावी. एक पावसाळ्यापूर्वी व दुसरी पावसाळ्यानंतर, तळे भरलेले असताना. मोठा पाऊस झाल्यावर त्याच दिवशी एक फेरी मारावी. पाहणी नेहमी एकाच क्रमाने करावी व तारखेसह वहीत लिहून ठेवावी. मागील नोंद नसेल तर आजचा पाझर वाढला की घटला हे कळणार नाही.

माथा : माथ्यावरून पायी चालावे. बांधाच्या लांबीने गेलेली भेग उतार घसरू लागल्याचे लक्षण असू शकते. आडवी गेलेली भेग अधिक भयंकर, कारण तिच्यातून पाणी पलीकडे जाऊ शकते. माथा कोठे खचला आहे काय, ते दोरी ताणून पाहावे. पाणी सर्वांत प्रथम तेथूनच जाईल.

उतार : लहान मातीच्या बांधाचा उतार साधारणपणे एक मीटर उंचीला दोन ते अडीच मीटर पसारा इतका सौम्य असावा. माती हलकी असेल तर त्याहूनही सौम्य लागतो. उतारावर कोठे फुगवटा किंवा घसरण दिसल्यास ती केवळ माती लिंपून झाकू नये. ती का झाली ते शोधावे.

झाडे व बिळे : बांधावर झाडे लावू नयेत. सावलीसाठी लावलेले झाड वादळात उन्मळले की बांधाचा लचका घेऊन पडते. ते वठले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला पोकळ वाटा मिळतात. रोपे लहान असतानाच उपटावीत. मोठे झालेले झाड नुसते तोडून भागत नाही. तज्ज्ञाच्या सल्ल्याने पाणी उतरवून, मुळे खणून काढून, तेथे थरावर थर चोपून माती भरावी लागते. बांधावर हरळीसारखे आखूड गवत तेवढे राखावे. घुशी, उंदीर, खेकडे व साळिंदर यांची बिळे आढळताच ती उघडून आतपर्यंत ओली माती ठोकून भरावी.

पाझर : टाचेशी थोडा ओलावा असणे हा दोष नव्हे, मातीच्या प्रत्येक बांधातून थोडेबहुत पाणी पाझरतेच. पाहावयाचे ते दोन गोष्टींसाठी. पाण्याचा रंग कसा आहे, आणि प्रमाण वाढते आहे काय. पाझराखाली बादली धरून ती किती वेळात भरते ते घड्याळाने मोजावे व तळ्यातील पाण्याच्या पातळीसह लिहून ठेवावे. पाणी स्वच्छ असून प्रमाण स्थिर असेल, तर लक्ष ठेवणे पुरे. पाणी गढूळ येऊ लागले, तर त्याबरोबर बांधाची माती वाहून येत आहे आणि आत पोकळी वाढत आहे असे समजावे. नळीच्या बाहेरच्या अंगाने पाणी येत असेल, तरीही असाच धोका असतो.

तळाची नळी : झडप वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी. परंतु तळे एकदम रिकामे करू नये. पाणी झपाट्याने उतरविल्यास आतला भिजलेला उतार आधार नाहीसा होऊन घसरतो. संकट नसेल तर दिवसाला सुमारे ३० सेंटीमीटरपेक्षा अधिक पाणी उतरवू नये.

काठावर येणाऱ्या माणसांचीही काळजी घ्यावी. अस्तराचा कागद घातलेल्या तळ्याचा उतार निसरडा असतो. पोहणाऱ्यालाही तो चढून येता येत नाही. म्हणून अशा तळ्याला कुंपण घालावे, काठाला गाठी मारलेले दोर कायम सोडून ठेवावेत व हवा भरलेल्या ट्यूब हाताशी ठेवाव्यात. वाहत्या सांडव्याजवळ होडी नेऊ देऊ नये.

संकटाची वेळ

गढूळ पाझर वाढू लागला, उतार घसरू लागला किंवा पाणी माथ्याशी आले, तर पहिले काम खालच्या वस्तीला उठविण्याचे आहे. दुरुस्ती त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी मालक अगोदर बांध वाचवू पाहतो आणि लोकांना सांगावयास उशीर होतो. सरपंच, पोलीस पाटील व तहसील कार्यालयास कळवावे. ११२ या क्रमांकावर मदत मागावी. उंचावरची जागा कोणती व खूण कोणती, घंटा की भोंगा, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे.

त्यानंतर तळाची नळी उघडावी, सांडव्यातील अडथळे काढावेत, पंप लावून पाणी उपसावे. या वेळी हळूहळू पाणी उतरविण्याचा नियम पाळीत बसू नये. बांध मात्र स्वतः होऊन कधीही कापू नये. कापलेली वाट पाहता पाहता वाढत जाते. खालच्या उतारातून गढूळ पाणी उसळत असेल तर त्यावर चिकण माती टाकून तोंड बंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास पाणी आत कोंडते व दुसरीकडून अधिक जोराने फुटते. त्या जागी प्रथम जाड वाळू, तिच्यावर खडी व तिच्यावर दगड असे थर द्यावेत. त्यामुळे पाणी बाहेर येते, पण माती अडते. हे काम उतार घसरत नसेल आणि माणसांना मागे फिरावयास वाट असेल तरच करावे.

जबाबदारी कोणाची

भारतात २०२१ साली धरण सुरक्षा अधिनियम संमत झाला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, तसेच १० ते १५ मीटर उंचीच्या ठराविक मोठ्या धरणांना लागू आहे. त्याहून लहान बांध त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून आपल्या ओढ्यावरील पाच-सहा मीटरच्या खाजगी बांधाची तपासणी करावयास कोणी आपण होऊन येईल अशी अपेक्षा धरता येणार नाही. मालकाने ती करवून घेतली पाहिजे, आणि गावाने ती झाली की नाही हे विचारले पाहिजे. केवळ उंचीवरून बांधाचा धोका ठरत नाही. त्याच्या खाली कोण राहते यावरून तो ठरतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील धरण फुटले, तेव्हा खालच्या वाडीतील माणसे घरांसह वाहून गेली. ते धरण पाटबंधाऱ्याचे होते, करमणुकीचे नव्हते. परंतु वस्तीच्या वर उभे असलेले पाणी कोणाच्या मालकीचे आहे, हे पाहून वाहत नाही.

एखाद्या मालकास बांधाची देखभाल झेपत नसेल, तर त्यालाही मार्ग आहे. अभियंत्याच्या देखरेखीखाली पाण्याची पातळी कायमची कमी करावी, किंवा बांध रीतसर उतरवून ओढा मोकळा करावा. तळे गेल्याचे दुःख थोडे दिवस राहील. परंतु खाली निजणाऱ्यांची झोप निर्धास्त होईल.

कार्यकर्त्यांनी हा पाठ वाचून झाल्यावर गावकऱ्यांसह आपल्या शिवारातील एका बांधावर जावे व पुढील प्रश्नांची उत्तरे तेथेच उभे राहून शोधावीत.

१. या बांधाचा मालक कोण, आणि गेल्या वर्षी त्याने बांध कधी पाहिला?
२. सांडवा कोठून जातो, आणि आज त्यात काय अडकले आहे?
३. तळाची नळी आहे काय? तिची झडप फिरते काय?
४. टाचेशी पाझर आहे काय? बादली किती वेळात भरते, आणि पाणी कोणत्या रंगाचे आहे?
५. बांधाच्या खाली, ओढ्याच्या दोन्ही काठांना, किती घरे आहेत? रात्री दोन वाजता त्यांना कोण व कसे उठवील?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर गावाला देता आले नाही, तर उरलेल्या चारांची उत्तरे कितीही चांगली असली तरी पाठ अपुरा राहिला असे समजावे.